एक पुस्तक, पाच जण आणि न कळलेल्याची वही

(जिंतूर येथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय तसा छोटा आहे. एम.एस्सी. झालेले किंवा पीएच.डी.ला लागलेले चार-पाच जण बैजिक भूमिती, म्हणजे आपली अल्जेब्रिक जॉमेट्री, मिळून वाचायला बसले, तर ते वाचन टिकवायचं कसं?

'टिकवायचं' हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण सुरू करणं सोपं असतं. मी विद्यार्थी असताना आम्ही असाच गट काढला होता. पहिल्या शनिवारी नऊ जण होतो, पाचव्या शनिवारी दोन. भांडण झालं नाही, काही नाही. दुसऱ्या आठवड्यात एकाला एक व्याख्या कळली नाही आणि त्याने ते कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो 'गावी जायचंय' म्हणाला. तो मीच. पुढे कळलं की ती व्याख्या बाकीच्यांनाही कळली नव्हती. या विषयात गट फुटतात ते बहुतेक लाजेने.

म्हणून पहिला नियम असा करा. एक जाड वही घ्या आणि बैठकीत जे कळलं नाही ते तिच्यात तारीख घालून लिहा. ज्याने विषय मांडला त्याने स्वतःची निदान एक ओळ लिहायचीच. मांडणाऱ्यालाच 'इथे मी अडलो' म्हणावं लागलं की बाकीच्यांची जीभ सुटते. पुढची बैठक त्याच वहीपासून सुरू करायची.

आता पुस्तक. आपल्याकडे घाई अशी होते की थेट हार्टशॉर्न काढायचं. १९७७ चं ते पुस्तक थोरच आहे, पण त्यात चारशेहून जास्त स्वाध्याय आहेत आणि निम्मा विषय त्या स्वाध्यायांतच दडलाय. आधी फुल्टन यांचं 'अल्जेब्रिक कर्व्ह्ज' घ्या. १९६९ चं आहे, लेखकाने स्वतः ते इंटरनेटवर मोफत ठेवलंय. जोडीला अतिया-मॅकडोनाल्ड. तेही १९६९ चंच आणि जेमतेम १२८ पानांचं. पण त्यातल्या एका पानाला एक अख्खी दुपार जाऊ शकते, तेव्हा एका बैठकीला पाच-सहा पानांच्या पुढे जाऊ नका.

दुसरा नियम: फळ्यावर उदाहरण नसेल तर प्रमेय पुढे न्यायचं नाही. आता बघा, हा वक्र घ्या: य चा वर्ग बरोबर क्ष चा घन. काढून पाहिलात तर आरंभबिंदूपाशी त्याला टोक येतं. आरंभबिंदूतून एक रेषा काढा, य बरोबर ट गुणिले क्ष. समीकरणात घाला. ट वर्ग क्ष वर्ग बरोबर क्ष घन. आरंभबिंदू सोडून क्ष वर्गाने भागलं की क्ष बरोबर ट वर्ग, आणि य बरोबर ट घन. म्हणजे वक्रावरच्या प्रत्येक बिंदूला ट ची एकेक किंमत मिळाली. एक साधी सरळ रेषा या वक्रावर बिंदूला बिंदू जुळवून बसली.

मग टोक आलं कुठून? वक्रावरच्या बहुपदी फलनांकडे बघा. ती सगळी ट वर्ग आणि ट घन यांच्यापासून बनतात. त्यातून ट चा चौथा घात मिळेल, पाचवा मिळेल, पण नुसता ट कधीच मिळणार नाही. डोळ्याला जे टोक दिसतं, ती रिंगमध्ये एक घटक कमी असल्याची खूण आहे. तो ट परत आणून ठेवला की टोक नाहीसं होतं. 'नॉर्मलायझेशन' हा शब्द सहा महिन्यांनी पुस्तकात येईल, तेव्हा गटातल्या कोणालाही तो परका वाटणार नाही.

डॉ. श्रीराम अभ्यंकर यांचा आग्रह हाच होता. हार्वर्डला झारिस्कींचे विद्यार्थी, पुढे पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक, वक्र-पृष्ठांची असली टोकं सोडवण्यात हयात गेलेली. तरी ते शाळेतल्या बीजगणिताची बाजू हिरिरीने मांडत. त्यांनीच १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं.

भास्कराचार्यांवरून आठवलं. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा तो लेख. वरचा भाग संस्कृतात, आणि मठाला काय काय मिळणार तो तपशील मराठीत! अभ्यासाची सोय आधी लागते, हे त्यांना माहीत होतं. आपल्या गटाची सोय म्हणजे ठरलेली खोली, ठरलेला वार आणि किल्ली कोणाकडे याचं उत्तर.

तिसरा नियम: एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही जुनी पद्धत आहे. पाहुणे गणिती व्याख्यानं देत, तरुण मंडळी टिपणं तयार करत. मम्फर्ड यांनी १९६७-६८ मध्ये तिथे ॲबेलियन व्हरायटींवर व्याख्यानं दिली. ती लिहून काढण्यात सी. पी. रामानुजम यांचा हात होता, आणि १९७० साली त्यांचंच प्रसिद्ध पुस्तक झालं. लिहिताना गाळलेली पायरी लपत नाही, म्हणून लिहिणारा बोलणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो. आपल्या गटात ही पाळी दर आठवड्याला फिरवा.

प्रश्न: सर, इथे आम्ही दोघंच आहोत. बाकीचे परभणी, नांदेडला. आणि विषय जाणणारं कोणी नाही.

उत्तर: दोघं पुरेत. बाकीच्यांना मोबाइलवर घ्या, कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता वहीवर ठेवा. शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघून बैठकीची वेळ ठरवा, नाहीतर शेवटचा अर्धा तास सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. जाणकार नसला तर वहीतले प्रश्न साठवा. तीन आठवड्यांत सुटला नाही असा एकच प्रश्न निवडा, आपण कुठवर गेलो ते नीट लिहा आणि एखाद्या प्राध्यापकांना पाठवा. 'हा धडा समजावून सांगा' या पत्राला उत्तर येणं कठीण. 'ही पायरी इथे अडते' याला बहुधा येतं.

आणि एखादा सलग दोन शनिवार आला नाही, तर त्याला फोन करा. 'का आला नाहीस' असं विचारू नका. 'मलाही ती व्याख्या कळली नाही, बसू या का?' एवढंच म्हणा. मला त्या वेळी कोणी असा फोन केला असता, तर माझी दोन वर्षं वाचली असती.