ख्रिस्ती श्रद्धेत पापाची कबुली म्हणजे काय? त्याने मुक्ती कशी मिळते?

यवतमाळ जिल्ह्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध जुना आहे. अमेरिकेतील फ्री मेथॉडिस्ट मंडळीच्या मिशनऱ्यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस इथे काम सुरू केले. उमरीचे मिशन हॉस्पिटल त्याच कामातून उभे राहिले. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तरीही ‘पापाची कबुली’ या गोष्टीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो: कबूल केले की सुटलो, पुन्हा पाप करायला मोकळे! ख्रिस्ती शिकवण नेमकी काय आहे, ते पाहू.

पाप म्हणजे एक कर्ज

पापाचे आणि पुण्याचे पारडे तोलून बघण्याची कल्पना आपल्या परिचयाची आहे. ख्रिस्ती शिकवण वेगळी आहे. पाप म्हणजे देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेले नाते मोडणे. वाईट कृत्यासोबत वाईट विचार आणि शक्य असून न केलेली मदतही त्यात येते. हे नाते माणूस केवळ सत्कर्मांच्या जोरावर पुन्हा जोडू शकत नाही, असे ही श्रद्धा सांगते.

मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी ‘ऋण’ हा शब्द येतो. यवतमाळच्या शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. व्याज चढत जाते आणि हप्ता फिटत नाही, तेव्हा सुटका एकच उरते: कर्जमाफी. २००८ आणि २०१७ च्या कर्जमाफीला निकष होते, याद्या होत्या. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूने वधस्तंभावर मरण पत्करून माणसाचे ऋण स्वतः फेडले; त्यामुळे इथे पात्रतेची यादी नाही. फक्त ‘हे कर्ज माझेच आहे’ हे मान्य करावे लागते.

कबुली कोणापुढे द्यायची?

मराठी बायबलमध्ये कबुलीसाठी पाप ‘पदरी घेणे’ असा शब्दप्रयोग आहे. सबब न सांगता, दुसऱ्यावर न ढकलता चूक आपली म्हणून स्वीकारणे, हा त्याचा अर्थ.

पद्धत मात्र पंथानुसार बदलते. कॅथलिक व्यक्ती धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करते. धर्मगुरू देवाच्या नावाने क्षमा जाहीर करतात, प्रायश्चित्त सांगतात आणि ऐकलेले कधीही उघड करत नाहीत. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम १२१५ पासून आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत व्यक्ती थेट देवाजवळ प्रार्थनेत कबुली देते. मेथॉडिस्ट परंपरेचे जनक जॉन वेस्ली यांनी १८व्या शतकात लहान गट सुरू केले होते. त्यांत विश्वासातील माणसे एकमेकांना आपल्या चुका सांगत आणि एकमेकांसाठी प्रार्थना करत.

नुसता बाप्तिस्मा पुरेसा असतो का?

याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, हे सुमारे आठ वर्षांनी लक्षात आले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपण पुरेशा चांगल्या होऊ तेव्हा देव स्वीकारेल, ही धडपड सोडून त्यांनी क्षमा दान म्हणून घेतली आणि त्यांना शांती लाभली. पुढे केडगावला त्यांनी उभारलेल्या संस्थेचे नावही ‘मुक्ती’च. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. त्या वेळी अनेक मुलींनी रडत आपली पापे कबूल केली.

कबुलीनंतर काय?

सुरुवातीच्या गैरसमजाचे उत्तर बायबलमधील दोन कथांत आहे. जकातदार जक्कय येशूला भेटल्यावर म्हणतो, की ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन. दुसऱ्या कथेत प्रचंड कर्ज माफ झालेला एक चाकर बाहेर पडताच किरकोळ रकमेसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो आणि मिळालेली माफी गमावतो. म्हणजे क्षमा फुकट मिळते, पण ती माणसाला बदलते. घेतलेले परत करणे, दुखावलेल्याची माफी मागणे आणि दुसऱ्याला क्षमा करणे हे तिच्यामागोमाग येते. गुन्हा केला असेल, तर कायद्यापुढची जबाबदारीही टळत नाही.

पाप नसलेले ओझे

सगळेच ओझे पापाचे नसते, हेही लक्षात घ्यावे. पावसाने दगा दिला, कापसाला भाव मिळाला नाही, बँकेचे कर्ज थकले, यात अपयश असेल, पाप नाही. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईनेही तिचा दोष पदरी घ्यायचा नसतो. तो मारणाऱ्याचा आहे. अशा वेळी कबुलीपेक्षा आधाराची गरज असते. मन सतत खचलेले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशीही बोलावे. चुकले असेल ते कबूल करावे आणि जे आपले नाही ते ओझे उतरवून ठेवावे.