मारिया गनिंग : जिला बघायला अख्खं लंडन जमायचं, तिने शेवटचे दिवस अंधारात काढले

साल १७५९. लंडनच्या हाइड पार्कमध्ये संध्याकाळी एक विचित्र मिरवणूक निघाली. पुढे हातात भाले घेतलेले दोन सार्जंट, मागे बारा शिपाई आणि मधोमध चालणारी एक तरुण बाई. ती राणी नव्हती आणि राजकन्याही नव्हती. तिचा गुन्हा म्हणा किंवा कर्तृत्व म्हणा, एवढंच होतं की ती दिसायला फार सुंदर होती.

आदल्या रविवारी ती बागेत फिरायला गेली, तेव्हा तिला बघायला एवढी झुंबड उडाली की तिला चालणंच अवघड झालं. ही गोष्ट म्हाताऱ्या राजाच्या, दुसऱ्या जॉर्जच्या कानावर गेली आणि त्याने तिच्यासाठी पहारा दिला. मग काय, बाईसाहेब पहारा घेऊन दोन तास बागेत फिरल्या आणि बघायला आणखी गर्दी झाली.

तिचं नाव मारिया गनिंग, लेडी कोव्हेंट्री. या प्रसंगानंतर साधारण सव्वा वर्षातच ती गेली, वयाची तिशीही न गाठता.

इंटरनेटवर तिची गोष्ट एका ओळीत सांगितली जाते : ‘मेकअपमुळे मेलेली सुंदरी’. ही ओळ पूर्ण खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही. खरी गोष्ट सुरू होते ती मेकअपच्या डबीपासून नाही, तर एका कर्जबाजारी घरापासून.

घराणं मोठं, खिसा रिकामा

मारियाचा जन्म १७३२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या हेमिंगफर्ड ग्रे या गावी झाला. तिच्या पाठची एलिझाबेथ. वडील जॉन गनिंग जमीनदार घराण्यातले. आई ब्रिजेट एका आयरिश सरदाराची मुलगी. मुली लहान असतानाच हे कुटुंब आयर्लंडमध्ये रॉसकॉमन भागात जाऊन राहिलं. घराण्याचं नाव होतं, ओळखीपाळखी होत्या, नव्हता तो पैसा.

त्या काळच्या इंग्लंड-आयर्लंडमध्ये अशा घरातल्या मुलीसाठी वाट एकच होती, चांगलं स्थळ. आणि चांगलं स्थळ मिळायचं तर मुलीबरोबर भरपूर पैसा द्यावा लागायचा. म्हणजे आपल्याकडच्या हुंड्याचाच प्रकार. तो द्यायची गनिंगांची ऐपत नव्हती. या मुलींजवळ होता तो फक्त चेहरा.

हे सगळ्यात आधी ओळखलं आईने. मुलींनी रंगभूमीवर जावं असं तिच्या मनात होतं. तेव्हा नटी होणं हे घरंदाज मुलीसाठी कमीपणाचं समजलं जायचं, यावरून घरची स्थिती काय असेल त्याचा अंदाज करा. डब्लिनच्या नाटकमंडळींशी त्यांची ओळख झाली आणि त्यातूनच पुढची संधी आली.

१७४८ मध्ये डब्लिन कॅसलमध्ये मोठी मेजवानी होती. बोलावणं तर मिळालं, पण घालायचं काय? असं सांगतात की थॉमस शेरिडन या नाटक कंपनीच्या मॅनेजरने नाटकातले पोशाखच या दोघींना वापरायला दिले. एक ज्युलिएटचा, एक लेडी मॅकबेथचा. उसन्या कपड्यांत गेलेल्या या दोन मुलींनी त्या रात्री सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं. राजाचा आयर्लंडमधला प्रतिनिधी लॉर्ड हॅरिंग्टन याच्यावरही छाप पडली आणि पुढे आईला सरकारी पेन्शनही मिळालं.

लंडन वेडं झालं

आता आई थांबणार नव्हती. मुलींना घेऊन ती इंग्लंडला आली आणि १७५० च्या डिसेंबरमध्ये दोघी दरबारात सादर झाल्या. दरबारात सादर होणं म्हणजे वरच्या वर्तुळाचा दरवाजा उघडणं.

त्यानंतर जे झालं त्याची बरीचशी माहिती आपल्याला मिळते होरेस वॉलपोल या गृहस्थाकडून. हा माजी पंतप्रधानाचा मुलगा, स्वतः खासदार, आणि पत्रं लिहिण्याचा त्याला भारी नाद. लंडनमधली कुठलीही भानगड त्याच्या पत्रांतून सुटायची नाही. त्याचं म्हणणं असं की दोघींपेक्षा देखण्या बायका त्याने पाहिल्या होत्या. पण एका घरातल्या दोन बहिणी आणि दोघीही इतक्या सुंदर, हे मात्र वेगळं होतं. अर्थात वॉलपोलला तिखटमीठ लावायची सवय होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

दोघी फिरायला निघाल्या की मागे गर्दी. त्यांची छापील चित्रं दुकानांत विकली जात. फोटो नव्हते, टीव्ही नव्हता, पण वर्तमानपत्रं होती, छापखाने होते आणि गावगप्पा होत्या. ‘प्रसिद्ध असल्यामुळे प्रसिद्ध’ ही जात आपण इन्स्टाग्रामच्या काळातली समजतो. लंडनला ती पावणेतीनशे वर्षांपूर्वीच ठाऊक झाली होती.

आईचा हिशेबही बरोबर ठरला. १७५२ च्या फेब्रुवारीत ड्यूक ऑफ हॅमिल्टन एलिझाबेथच्या इतका प्रेमात पडला की मध्यरात्री पाद्र्याला बोलावून लग्न उरकलं. हाताशी अंगठी नव्हती म्हणून पलंगाच्या पडद्याची कडी वापरली. तीन आठवड्यांतच, ५ मार्चला, मारियाचं लग्न अर्ल ऑफ कोव्हेंट्रीशी झालं. उसन्या पोशाखातल्या मुली चार वर्षांच्या आत डचेस आणि काउंटेस झाल्या.

नवऱ्याचा रुमाल

मारियाचा नवरा जॉर्ज कोव्हेंट्री श्रीमंत, रसिक आणि शिस्तीचा. वूस्टर भागातला त्याचा क्रूम कोर्ट हा वाडा आणि बाग आजही पाहायला मिळते. ‘केपेबिलिटी’ ब्राऊन या इंग्लंडच्या सगळ्यात नावाजलेल्या उद्यानरचनाकाराला पहिलं मोठं काम इथेच मिळालं.

लग्नानंतर दोघं पॅरिसला गेले. तिथल्या उच्चभ्रू बायका गालांवर लाल रंगाचे ठसठशीत गोल काढायच्या. मारियालाही मोह होणारच. पण नवऱ्याला रंगरंगोटी अजिबात चालत नव्हती आणि तसं वचन त्याने तिच्याकडून घेतलं होतं. एका मेजवानीत त्याला संशय आला की हिने गुपचूप लाली लावली आहे. सोळा माणसांसमोर तो टेबलाभोवती तिच्या मागे धावला, तिला पकडलं आणि रुमालाने तिचा चेहरा खसाखसा पुसला. वर सुनावलं की आता तुला थेट इंग्लंडला परत नेतो.

त्याच सफरीत एका फ्रेंच सेनापतीला तिचा पंखा आवडला, तिने तो देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने चिठ्ठी लिहायला लावून पंखा परत मागवला, कारण तो त्याने लग्नाआधी दिलेला होता.

हे किस्से तेव्हा विनोद म्हणून सांगितले गेले, आजही तसेच सांगितले जातात. पण जरा तिच्या जागी उभे राहून बघा. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात लग्नानंतर बायकोला स्वतःची वेगळी मालमत्ता जवळपास नसायचीच. मारियाकडे आपलं म्हणावं असं जे होतं ते चेहऱ्यावर होतं, आणि त्याचं काय करायचं हेही दुसराच ठरवत होता.

बोलायला भोळी, बघायला लाख

मारियाचं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं आणि तोंडाला लगाम नव्हता. एकदा राजाने तिला विचारलं, यंदा नाचगाण्याचे जलसे नाहीत, वाईट वाटतं का? ती म्हणाली, छे, मी सगळं बघून कंटाळले. आता एकच सोहळा बघायचा राहिलाय, राज्याभिषेक!

राज्याभिषेक व्हायचा तर समोरच्या पंचाहत्तरीतल्या राजाने मरायला हवं, हे तिच्या लक्षातच आलं नाही. राजा चिडला नाही. उलट हा किस्सा त्याने स्वतःच घरी सांगितला.

तिच्या नावावर इतरांचाही धंदा चालायचा. वूस्टरच्या एका चांभाराने तिच्यासाठी जोडा शिवला आणि देण्याआधी तो लोकांना दाखवायला ठेवला. बघायचं तिकीट एक पेनी. जोडा बघायला एवढे लोक आले की त्याची अडीच गिनी कमाई झाली. म्हणजे सहाशेहून जास्त लोक, आणि तेही ती समोर नसताना!

पांढरा रंग नेमका काय होता?

आता येऊ त्या मेकअपकडे. त्या काळी चेहरा गोरा आणि गुळगुळीत दिसण्यासाठी लावायचा तो शिशाचा सफेदा. तो बनवायची पद्धत जुनी होती. शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या मडक्यांवर ठेवायच्या आणि ही मडकी घोड्याच्या लिदीत रचून ठेवायची. लिदीची ऊब आणि तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, व्हिनेगरची वाफ, असं सगळं मिळून काही आठवड्यांत शिशावर पांढरी पुटं चढायची. ती खरवडून, दळून जी भुकटी मिळे तोच सफेदा. घराला रंग द्यायला हाच, चित्राला हाच आणि गालांनाही हाच.

तो लोकप्रिय का होता, याचं कारण साधं आहे. एक हात फिरवला की खालचं सगळं झाकलं जायचं. देवीच्या व्रणांनी भरलेले चेहरे तेव्हा घरोघरी असायचे, त्यामुळे झाकण्याची गरज मोठी होती. गालांवरच्या लालीत पुष्कळदा हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग असायचं.

गोम अशी की सफेद्याने त्वचा खराब व्हायची. ती झाकायला जास्त थर, त्याने आणखी नुकसान, मग आणखी थर. धडधाकट त्वचेतून हे शिसं शरीरात कमीच शिरतं. पण फाटलेल्या त्वचेतून, श्वासातून गेलेल्या भुकटीतून आणि ओठांवाटे पोटात गेलेल्या कणांतून ते जातं आणि साठत राहतं. मग पोटदुखी, अशक्तपणा, रक्त कमी होणं. आणि रक्त कमी झालं की माणूस आणखी पांढरा दिसतो.

शेवटचे दिवस

१७६० मध्ये मारिया झपाट्याने खालावली. सुरुवातीला ती कोचावर पडून हातातल्या छोट्या आरशात चेहरा बघत राहायची. चेहऱ्यात बदल दिसू लागला, तशी तिने अंथरूण धरलं. खोलीत अंधार करायला लावला, पलंगाचे पडदे ओढून घेतले. उजेड फक्त चहाच्या किटलीखालच्या दिव्याचा. काही द्यायचं झालं तर पडदा न सारता फटीतून आत द्यायचं. जिला बघायला गर्दी व्हायची, तिला आता कुणाचीच नजर नको होती.

३० सप्टेंबर १७६० ला ती क्रूमला वारली. मागे लहान मुलं होती. इकडे आपल्याकडे पानिपतची लढाई व्हायला तेव्हा साडेतीन महिने बाकी होते. तिच्यामागून पंचवीस दिवसांनी, २५ ऑक्टोबरला राजा दुसरा जॉर्जही गेला. जो राज्याभिषेक बघायची तिला हौस होती, तो १७६१ मध्ये थाटात झाला.

मग मारलं कुणी?

वॉलपोलने पुढे काही वर्षांनी आणखी एका तरुण स्त्रीबद्दल लिहिताना लेडी कोव्हेंट्रीचं उदाहरण दिलं आणि दोष सरळ शिशाच्या सफेद्याला दिला. म्हणजे मेकअपची गोष्ट आजच्या इंटरनेटने रचलेली नाही, ती तिच्याच काळातली आहे. दुसरीकडे क्षयाचं नावही तेव्हापासूनच घेतलं गेलं. क्षय त्या काळी सर्रास माणसं नेत होता आणि अशक्त शरीरात तो लवकर घर करतो. शिशाने पोखरलेलं शरीर आणि त्यात क्षय, असं दोन्ही एकदम असण्यातही काही अडचण नाही.

म्हणून ‘मेकअपने मारलं’ हे वाक्य पूर्ण उत्तर देत नाही. त्यातून वाटतं की एक नटवी, मूर्ख बाई हौसेपायी मेली. पण सफेदा धोक्याचा आहे हे सांगणारे लोक तेव्हाही होते. तरी तो सोडणं तिला जमलं नाही, कारण जिचं स्थळ, पदवी, राजाची मर्जी, सगळं चेहऱ्यावर उभं आहे, तिला चेहरा उतरू देणं परवडत नाही. धाकट्या एलिझाबेथचं आयुष्य बघा. पहिला नवरा गेल्यावर तिने दुसरं लग्न केलं, तिची चार मुलं ड्यूक झाली आणि ती १७९० पर्यंत जगली. सुंदर असणं काही घातक नव्हतं. सतत सुंदर दिसत राहण्याची सक्ती घातक होती.

आणि ही सक्ती संपली आहे असं समजू नका. गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा घालण्याला आज भारतात बंदी आहे. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांच्या सौंदर्यप्रसाधनांसाठी तेवढी मर्यादा वेगळी आहे. तरीही २०२३ मध्ये केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही अशा क्रीममुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या. त्यामुळे पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ‘आठ दिवसांत गोरेपणा’ देणारी डबी घेऊ नका. आधीच वापरत असाल आणि अंगावर, पायांवर सूज दिसली, तर क्रीम थांबवा आणि डबी बरोबर घेऊन डॉक्टरांना दाखवा.

मारियाला सफेदा लावू नकोस असं सांगणारा नवरा होता. पण तू तशीच चांगली दिसतेस, आणि नाही दिसलीस तरी काही बिघडत नाही, हे सांगणारं तिच्याभोवती कुणी नव्हतं. तुमच्या घरात आरशासमोर उभी असलेली एखादी पोरगी असेल, तर तिला हे आजच सांगून टाका.