लुकलुकणारा तारा आणि रूपविकारी तारा

हिवाळ्यातील आकाशदर्शन जालन्यात असो, मंठ्यात असो की घनसावंगीत असो, यमुना तारकासमूहातील एप्सिलॉन एरिडानीकडे बोट दाखवून ‘हा रूपविकारी तारा आहे आणि याला ग्रह आहे’ असे सांगण्याचा अवकाश, की श्रोत्यांतून कोणीतरी ठामपणे म्हणतोच, ‘दिसतंय की! ग्रह आडवा येतोय म्हणून तर लुकलुकतोय.’ तीन भिन्न गोष्टींची ही सरमिसळ इतक्या आत्मविश्वासाने केली जाते की खुलासा करणाऱ्यालाच अपराध्यासारखे वाटावे.

लुकलुक ताऱ्याची नव्हे, आपल्या हवेची. ज्याला दाखला हवा असेल त्याने जानेवारीच्या मध्यास, जालन्याच्या भट्ट्या आणि दिवे मागे टाकून, रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करावे आणि मृगातील राजन्यापासून उजवीकडे, हात लांब करून धरलेल्या वितीहून किंचित अधिक अंतरावर, सुमारे साठ अंश उंचीवरचा हा मंद तारा हुडकावा; आणि मध्यरात्र उलटल्यावर तोच पश्चिम क्षितिजाकडे कलला असता पुन्हा पाहावा, म्हणजे तो अधिक थरथरताना दिसेल. चार-पाच तासांत ताऱ्याने स्वभाव पालटला असे मानावयाचे, की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरपा येऊ लागला असे?

त्याचे खरे रूपविकारित्व निराळेच आहे. सूर्यावर असतात तसे, पण अधिक मोठे डाग वागवीत तो सुमारे ११ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी करतो, आणि डागाळलेली बाजू समोर आली की त्याचे तेज एका प्रतीच्या काही शतांशांनी उतरते. हा फरक उपकरणांनी मोजावा लागतो. नुसत्या डोळ्यांस तो ३.७ प्रतीचा तारा रोज सारखाच.

आणि ग्रह? तो ताऱ्याच्या बिंबापुढून जाताना आजवर कोणी पाहिलेला नाही. त्याची एक प्रदक्षिणा सुमारे ७.४ वर्षांची, तेव्हा तो आडवा आलाच, तर इतक्या वर्षांतून एकदा आणि दिवसभराहूनही कमी वेळ येईल, सेकंदाला अनेक वेळा नव्हे! त्याचा सुगावा लागला तो त्याच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने पुढे-मागे डोलतो आणि त्याच्या वर्णपटातील रेषा त्याप्रमाणे सरकतात म्हणून. येथे खरी गंमत अशी की, आमचे श्रोते ज्या रूपविकारित्वास ग्रहाचा पुरावा समजतात, त्यानेच हा मामला वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवला. कारण डागांमुळे त्या रेषा विकृत होऊन खोटे डोलणे भासू शकते. हॅट्झेस व सहकाऱ्यांनी २००० साली ग्रह जाहीर केल्यावर शंका उठल्या त्या याच. २०१९ साली मावे व सहकाऱ्यांनी अनेक वर्षांची निरीक्षणे एकत्र करून त्याचे अस्तित्व पक्के केले, तरी त्याचे प्रत्यक्ष छायाचित्र त्यांनाही मिळाले नाही.

बाकीच्या समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो. नारिंगी म्हणजे विझत आलेला, हे चूक: रंग तापमानाचा, आणि सुमारे ५,१०० केल्व्हिनचा हा तारा ८० कोटी वर्षांच्या आतला, म्हणजे सूर्यापुढे पोरच. बटू म्हणजे क्षुल्लक, हेही चूक. त्याचे वस्तुमान सूर्याच्या चार-पंचमांश आहे, आणि वर्गवारीत खुद्द सूर्यही बटूच. साडेदहा प्रकाशवर्षे म्हणजे जवळच, असे म्हणणाऱ्यांनी ‘व्हॉयेजर १’च्या वेगाने हिशेब करावा: सुमारे १ लाख ८५ हजार वर्षे. तिथून कोणी संदेश पाठविला होता ही वदंता मात्र अगदीच निराधार नाही. १९६० साली ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक यांनी या ताऱ्याकडे रेडिओ दुर्बीण वळविताच जोरदार स्पंदने ऐकू आली होती, पण ती पृथ्वीवरचीच निघाली.