जुनी जीप, घरचं अंगण : कमानपाटा वाढवण्याआधी

किंगपिन आज उघडायचे असं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. आटपाडीहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न किंगपिनच्या अलीकडचा निघाला. किंगपिन मागे किती कललेला हवा, म्हणजे कास्टर किती, तो विलीजच्या हिशेबाने ३ अंश. हा कल एक्सल पाट्यांवर कसा बसतो त्यावर ठरतो. पाटेच बिघडलेले असतील तर किंगपिनवर केलेली मेहनत पाण्यात जाते.

पत्रातली जीप सीजे-३बी आहे. विलीजने १९५३ मध्ये आणलेलं आणि पुढे महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेलं हे उंच बॉनेटचं मॉडेल. बॉनेट उंच झालं ते खालच्या हरिकेन इंजिनाची उंची वाढली म्हणून. या गाडीने म्हसवड-दहिवडी वडाप केली. मधे कधीतरी पेट्रोल इंजिन जाऊन जड डिझेल इंजिन आलं, आणि पुढचं नाक बसलं म्हणून गॅरेजवाल्याने पाटा वाढवून दिला. आता गाडी घरीच असते, माणसं दोन, आणि पत्रात विचारलंय, ‘नवे शॉकअप टाकले तरी दणका बसतोच. आता पाटे बदलू का?’

बदलू नका. आधी मोजा.

वाढवलेले पाटे किती हे सगळेच मोजतात, त्यांची जाडी फारसं कुणी मोजत नाही. खरी गोम जाडीतच आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. रुंदी आणि लांबी तीच ठेवून ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा जवळपास २.४ पट कडक होतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा जाड पाटा कापून बसवला की नाक उचलतं खरं, पण गाडी दगडासारखी होते. व्हर्नियर घ्या, मेन पाट्यापासून खालपर्यंत प्रत्येकाची जाडी वहीत लिहा. जो उपरा असेल तो आकडाच दाखवून देईल.

दुसरी गोष्ट जीपच्या मूळ रचनेतली आहे. पुढच्या पाट्याचं मागचं टोक चेसिसला एका जागी धरलेलं असतं आणि झुलणारा शॅकल पुढे, बंपरच्या बाजूला असतो. चाक खड्ड्याच्या कडेवर चढलं की पाटा सपाट होतो, म्हणजे लांबतो. मागे जागा नाही, म्हणून लांबी पुढे सरकते आणि एक्सललाही पुढे नेते. खड्ड्याची कड चाकाला मागे रेटत असते, त्याच क्षणी एक्सल पुढे जाऊ पाहतो. त्यामुळे जीप मुळातच थोडी आदळते. अशा रचनेत शॅकल जाम झाला तर पाट्याला लांबायलाही वाव उरत नाही, आणि दणका थेट चेसिसला बसतो. शॉकअप कितीही नवे असोत, त्यांचं तिथे काही चालत नाही.

माण तालुक्यात शॅकल जाम होतोच. पाऊस कमी, धूळ बारमाही, आणि जळकं तेल फासण्याची आपली सवय. तेलावर धूळ बसते आणि दोन पाट्यांमध्ये तिची खरड तयार होते. पाटे एकमेकांवर घासत सरकतात, त्या घर्षणाने थोडा धक्का जिरतो, ते हवंच असतं. पण गंज आणि खरड यांनी पाटे धरून ठेवले की दहा पाटे मिळून एक जाड पट्टी होते.

म्हणून काम या क्रमाने करा. गाडी जॅकवर घ्या, चेसिसखाली पक्के स्टँड लावा, एक्सल मोकळा लटकू द्या. यू-बोल्टच्या नटांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल पाजा. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाट्यांचा संच सी-क्लॅम्पने आवळा, नाहीतर तो उसळून उघडतो. पाटे वायरब्रशने आणि रॉकेलने धुवा, टोकाला पडलेल्या खाचा कानसीने मोडा, चिरा तपासा, ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. जोडताना यू-बोल्ट नवेच घाला, कारण जुने ताणलेले असतात.

आता माझा जीव ज्यात आहे तो भाग. मूळ जीपचा शॅकल इंग्रजी यू आकाराचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांवर आटे असतात. बुशही आट्याचे, बाहेरून षट्कोनी डोक्याचे. काही शॅकलच्या एका बाजूला उलटे आटे असतात. त्या बाजूला घडाईतच एक छोटा उंचवटा दिलेला असतो, बोट फिरवलं की कळतो. न बघता पाना लावून जोर केलात तर आटे गेलेच. बसवताना शॅकल चेसिसला घट्ट टेकवून धरा. वरचा बुश अर्धा फिरवा, मग खालचा अर्धा, आणि असे आळीपाळीने पुढे न्या. वरचा बुश चेसिसला घट्ट बसतो. खालच्याचं डोकं मात्र पाट्याच्या डोळ्याला टेकू द्यायचं नाही. मधे इंचाचा ३२वा भाग, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर फट ठेवायची. मग निपलमधून ग्रीस भरा आणि शॅकल हाताने हलवून बघा. मोकळा झुलला पाहिजे. अडत असेल तर बुश काढून पुन्हा आट्यावर घ्या, पान्याने दामटू नका.

तुमच्या गाडीत नंतरचे रबरी बुश असतील तर त्यांना तेल-ग्रीस लागू देऊ नका, आणि त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

एवढं करून उपरा पाटा काढा आणि डिझेलच्या वजनाने नाक किती बसतं ते मोजा. त्यानंतरही बसत असेल तर मूळ जाडीचा एक पाटा वाढवणं योग्य. कमान पार गेली असेल तर कमानपाटेवाल्याकडून थंड ठोकून कमान घ्या. भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याला पुन्हा नीट पाणी दिलं नाही, तर तो थोड्याच दिवसांत बसतो.

आटपाडीकरांनी जाडीचे आकडे कळवावेत. बाकीच्यांनी शॅकल मोकळे करून ठेवावेत. पुढच्या आठवड्यात किंगपिनचे बेअरिंग आणि त्यांचे शिम.