कापणीआधीच लोंबीला मोड का फुटतात? दाण्याच्या आत चालतो साखरेचा हिशोब

परतीचा पाऊस लांबला की भात आडवं पडतं आणि काही दिवसांतच लोंबीत कोंब दिसायला लागतात. खरीप ज्वारीचंही तेच. व्यापारी भाव पाडतो तेव्हा राग येतो, पण मोड आलेला दाणा आतूनच बदललेला असतो, हेही खरं.

दाणा म्हणजे छोटं कोठार. बहुतेक भाग पिठाचा, म्हणजे स्टार्चचा. एका टोकाला इवलासा अंकुर. पिठाभोवती, सालीच्या खाली, जिवंत पेशींचा पातळ थर असतो. त्याला अ‍ॅल्युरोन म्हणतात. अंकुराला स्टार्च तसाच खाता येत नाही, त्याला साखर लागते.

दाणा भिजला की अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. द्राक्ष बागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात आणि मणी फुगवायला ज्याच्या द्रावणात घड बुडवतात, तेच हे. त्याचा शोधही भातातच लागला. जपानमध्ये एका बुरशीमुळे भाताची रोपं उंच, फिकट होऊन पडायची. ती बुरशी सोडते त्या द्रव्यामुळे हे होतं, हे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवलं.

जिबरेलिन अ‍ॅल्युरोन थरात पोचलं की तिथलं एक जनुक जागं होतं. जनुकं सगळ्याच पेशींत असतात, पण कोणतं कधी चालू करायचं यावर सगळा खेळ. हे जनुक चालू झालं की अल्फा अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते स्टार्च तोडून साखर करतं. मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व गोडसर लागतं, त्याची पेज पातळ राहते, ती यामुळेच.

आता खरी गंमत. साखर हे नुसतं अन्न नाही, तो निरोपही आहे. साखर भरपूर असेल तर हे जनुक मंदावतं. साखर संपत आली की जोरात चालतं. तैवानच्या संशोधकांनी भातात हे बारकाईने पाहिलंय. साखरेची उपासमार झाली की ‘एमवायबीएस-१’ नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि जनुक चालू करतं. साखर आली की ते बाहेर. जिबरेलिनचं काम दुसऱ्या प्रथिनामार्फत चालतं, आणि ही दोन्ही प्रथिनं जोडीने आली की कोठार झपाट्याने उघडतं.

मग कणसात पिकताना दाणा झोपलेला कसा राहतो? अ‍ॅब्सिसिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकामुळे. ते जिबरेलिनला दाबून धरतं. दाणा पक्व होऊन वाळत गेला की त्याचा जोर ओसरतो. नेमका त्याच वेळी पाऊस लागला तर मोड येणारच.

वाणावाणात फरक असतो. लाल दाण्याचा गहू सहसा उशिरा फुटतो, पांढरा लवकर. आपल्याला चपातीला पांढराच लागतो, इलाज नाही! आणि झोप फार लांब असलेलं वाणही अडचणीचंच, कारण उन्हाळी भाताचं बी लगेच खरिपात पेरलं तर उगवत नाही.

पडलेलं पीक असेल तर पहिलं काम शेतातलं पाणी काढणं, दुसरं लोंब्या पाण्याबाहेर ठेवणं. ओल्या पेंढ्यांची उडवी रचू नका. आत ओल आणि ऊब दोन्ही मिळते. आंध्र प्रदेशात वादळानंतर पडलेल्या भातावर ५ टक्के मिठाच्या पाण्याची, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, फवारणी सांगतात. आपल्याकडे करायची तर आधी कृषी सहायकांना विचारून.

कोंब दिसायच्या आधीच अमायलेजचं काम सुरू झालेलं असतं. म्हणून वरून चांगला दिसणाऱ्या भिजलेल्या गव्हाचीही कणीक चिकट होते. मूळ बाहेर आलेला दाणा वाळवला तर तो पुन्हा उगवत नाही, त्यामुळे अशा ढिगातलं बी ठेवण्यात अर्थ नाही. शंका असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवडा-दोन आठवड्यांनी उगवलेले मोजा. प्रमाणित बियाण्याला भातात किमान ८०, ज्वारीत ७५ आणि गव्हात ८५ उगवावे लागतात.