रिसीव्हरला वेगळा ॲम्प्लिफायर जोडावा का? आधी हिशेब, मग खरेदी

मागच्या व्याख्यानात आपण स्पीकर घरात कुठे ठेवायचे ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. "सिनेमातले संवाद नीट कळत नाहीत, आवाज वाढवला तर मारामारीच्या प्रसंगात कान किटतात. दुकानदार म्हणतो, रिसीव्हर कमी पडतोय, वेगळा पॉवर ॲम्प घ्या. घ्यावा का?" आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नावर.

विषय छोटा वाटतो, पण खर्च छोटा नाही. तीन किंवा पाच चॅनेलचा बरा ॲम्प्लिफायर कित्येकदा रिसीव्हरच्याच किमतीला जातो. एवढे पैसे घालून तक्रार तशीच राहिली तर? म्हणून आधी तक्रार नेमकी कशाची आहे ते बघू.

रिसीव्हरच्या पोटात काय असतं

रिसीव्हर म्हणजे एका डब्यात दोन यंत्रं. एक प्रोसेसर, जो डॉल्बी किंवा डीटीएसचा सिग्नल उलगडून कोणत्या स्पीकरला काय द्यायचं ते ठरवतो. दुसरा ॲम्प्लिफायर, जो त्या बारीक सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. वेगळा ॲम्प जोडला की फक्त दुसरं काम बाहेर जातं. प्रोसेसर तोच राहतो. त्यामुळे तक्रार पहिल्या कामाबद्दल असेल, किंवा खोलीबद्दल असेल, तर नवा ॲम्प काहीही सुधारू शकत नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खोक्यावरचा आकडा. "दर चॅनेल १०० वॅट" असं छापलेलं असतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विकृती ०.०५ किंवा ०.०८ टक्के, असं असेल तर आकडा प्रामाणिक आहे. ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल, विकृती १० टक्के असं असेल तर तो आकडा जाहिरातीपुरता समजा. अमेरिकेत याच गोंधळामुळे १९७४ साली ॲम्प्लिफायरचे वॅट कसे सांगायचे याचा सरकारी नियम करावा लागला होता.

सगळे चॅनेल एकदम चालले की वीजपुरवठा वाटून घ्यावा लागतो आणि दर चॅनेलची ताकद उतरते. समजा १०० वॅटचे ७० झाले. ऐकायला मोठं नुकसान वाटतं ना? डेसिबलमध्ये ते फक्त दीड आहे. शिवाय सिनेमात सगळे चॅनेल एकाच क्षणी पूर्ण जोर मागतात असं क्वचितच होतं.

तीन डेसिबलचा नियम

ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. आपल्या कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. १०० वॅटच्या जागी २०० वॅटचा ॲम्प आणला तर कमाल पातळी ३ डेसिबलने वर जाते. फरक जाणवेल, पण "घर हादरलं" असं काही होणार नाही.

आता आपल्या घराचा हिशेब करू. तीन आकडे हवेत: स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, बसण्याचं अंतर, आणि आपण किती मोठ्याने ऐकतो.

स्पीकर ८८ डेसिबलचा धरू. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल. सोफा ३ मीटरवर, साधारण १० फूट. मोकळ्या जागेत एवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल घटतात, म्हणजे सोफ्यापाशी ७८.५ उरले. बंद खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात, पण आपण कडक हिशेब करू.

सिनेमागृहाच्या मापाने प्रत्येक मुख्य चॅनेलचं शिखर १०५ डेसिबल धरतात. रिसीव्हर मायक्रोफोन लावून कॅलिब्रेट केला की व्हॉल्यूमचा ० म्हणजे ही पातळी. म्हणून व्हॉल्यूमचे आकडे उणे दिसतात. तुमच्याकडे ० पासून वर जाणारे आकडे दिसत असतील तर बहुतेक रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतात.

आता बघा. व्हॉल्यूम उणे २० वर असेल तर शिखर ८५ डेसिबल, त्याला साडेचार वॅट पुरतात. उणे १५ वर साधारण १४ वॅट. उणे १० वर ४५ वॅट. आणि पूर्ण ० वर? जवळजवळ ४५० वॅट!

या चार आकड्यांतच बहुतेकांचं उत्तर आहे. फ्लॅटमध्ये राहणारी मंडळी उणे १५ च्या वर क्वचित जातात, कारण शेजारी आहेत, घरात म्हातारी माणसं आहेत, मुलांचा अभ्यास आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा परिसराची, हॉलमधली नव्हे, पण कुठे थांबावं याचा अंदाज त्यातून येतो. १४ वॅट लागणाऱ्या घरात १०० वॅटचा रिसीव्हर मुळीच कमी पडत नाही.

मग संवाद का कळत नाहीत?

बहुतेक वेळा खोलीमुळे. आपल्याकडच्या हॉलमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काच, भिंती उघड्या. टाळी वाजवून बघा, मागे झणझण ऐकू आली तर संवादही तसेच घोळतात. जाड गालिचा, जड पडदे, पुस्तकांचं कपाट यांनी जेवढा फरक पडतो तेवढा २०० वॅटनीही पडत नाही.

दुसरं कारण मधला स्पीकर, सेंटर. तो टीव्हीच्या कपाटात खोल ढकललेला असतो, किंवा गुडघ्याच्या उंचीवर असून तोंड समोरच्या टीपॉयकडे असतं. त्याला कपाटाच्या कडेपर्यंत पुढे आणा, तोंड कानाकडे करा, मेनूत त्याची पातळी २ डेसिबलने वाढवा. तरीही रात्री अडचण होत असेल तर डायनॅमिक रेंज कमी करणारा नाईट मोड लावा. खर्च शून्य.

तिसरं, स्पीकर "लार्ज" वर ठेवलेले असतात. ते "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा. सर्वांत जास्त ताकद खालच्या सुरांना लागते. ते काम सबवूफरकडे गेलं, ज्याच्यात बहुधा स्वतःचा ॲम्प असतो, की रिसीव्हरचा भार आपोआप हलका होतो. एक प्रकारे हा फुकटचा ॲम्प्लिफायरच.

ॲम्प खरोखर कधी घ्यावा

आम्ही ॲम्पच्या विरोधात नाही. चार परिस्थितींत तो घ्यायलाच हवा किंवा घेणं शहाणपणाचं आहे.

पहिली, निर्विवाद: चॅनेल कमी पडतात. ७.१.४ च्या मांडणीत सबवूफर सोडून ११ स्पीकर येतात. काही रिसीव्हर ११ चॅनेलचं प्रोसेसिंग करतात, पण आत ॲम्प ९ च असतात. उरलेल्या दोनांसाठी बाहेरचा दोन चॅनेलचा ॲम्प लागणारच. तो पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरला द्या आणि आतले मोकळे झालेले ॲम्प छतातल्या स्पीकरना वापरा.

दुसरी: स्पीकर ४ ओहमचे आणि सेन्सिटिव्हिटी ८४-८५ च्या आसपास. अशा स्पीकरला करंट जास्त लागतो. रिसीव्हरमध्ये ४ ओहमचं सेटिंग असतं, पण ते बहुधा व्होल्टेज आवळून यंत्र गरम होण्यापासून वाचवतं, ताकद वाढवत नाही.

तिसरी: हॉल मोठा, बसणं ५-६ मीटरवर, आणि ऐकणं उणे १० च्या वर. बंगल्यात वेगळी थिएटरची खोली असेल तर हे शक्य आहे.

चौथी: रिसीव्हर मोठ्या प्रसंगात स्वतःहून बंद पडतो. मात्र आधी वायरचे सुटे धागे एकमेकांना टेकत नाहीत ना, आणि रिसीव्हरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला नाही ना, हे तपासा. वर चार-सहा इंच मोकळी हवा हवी.

घ्यायचं ठरलं तर

रिसीव्हरच्या मागे "प्री-आऊट" आहेत का ते आधी बघा. स्वस्त रिसीव्हरमध्ये फक्त सबवूफरचा प्री-आऊट असतो. तिथे हा विषय संपला. असतील तर तीन चॅनेलचा ॲम्प घ्या आणि पुढचे तिघे त्यावर टाका, कारण सिनेमाचा बहुतांश आवाज तिथूनच येतो. ॲम्पचा गेन २९ डेसिबलच्या आसपास असावा. तेव्हा १ व्होल्टच्या सिग्नलवर ८ ओहमला साधारण १०० वॅट मिळतात, आणि एवढा सिग्नल बहुतेक प्री-आऊट सहज देतात. जोडल्यावर मायक्रोफोनचं कॅलिब्रेशन पुन्हा करायचंच, नाहीतर नवे तीन चॅनेल जुन्यांशी जुळणार नाहीत.

आणि शक्य असेल तर आधी दोन दिवस मागून आणा. तुलना करताना दोन्हीकडे पातळी सारखी करा. अर्धा-एक डेसिबल मोठा आवाज आपल्याला "जास्त चांगला" वाटतो. दुकानातली जादू पुष्कळदा एवढीच असते.

श्रोत्यांचे प्रश्न

*वेगळ्या ॲम्पने कमी आवाजातही खोली येते म्हणतात, ते खरं का?*
दोन्ही यंत्रं आपल्या मर्यादेत चालत असतील आणि पातळी जुळवलेली असेल, तर फरक ओळखणं फार कठीण जातं. पुष्कळदा खोली आलेली असते ती नव्याने केलेल्या कॅलिब्रेशनमुळे.

*जास्त वॅटने स्पीकर जळणार नाही का?*
आवाज जपून ठेवला तर नाही. उलट छोटा ॲम्प मर्यादेबाहेर ताणला की लाटांची टोकं कापली जातात आणि ट्वीटरवर ताण येतो. आवाज कर्कश झाला की व्हॉल्यूम खाली, हा नियम दोन्हीकडे लागू.

*ॲम्प जोडल्यावर घूं असा आवाज येतो.*
आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तोच सूर किंवा त्याची दुप्पट ऐकू येते. सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरून चालवून बघा, केबलची तार काढून बघा, गुंता कुठे आहे ते कळेल. पण अर्थिंगची पिन कधीही काढू नका. आवाजापेक्षा जीव महत्त्वाचा.

थोडक्यात, आज घरी जाऊन एवढंच करा: आपण नेहमी ऐकतो तो व्हॉल्यूमचा आकडा, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी आणि सोफ्याचं अंतर कागदावर लिहा. हिशेब २०-३० वॅटच्या आत आला तर पैसे गालिच्यात किंवा चांगल्या सबवूफरमध्ये घाला. शंभराच्या वर गेला तर निःशंकपणे ॲम्प बघायला जा. मधे कुठे आला तर घाई नको, आधी क्रॉसओव्हर आणि सेंटर नीट करून महिनाभर ऐका.

पुढच्या वेळी सबवूफरची जागा कशी शोधायची ते पाहू.