चाक रस्त्याला चिकटून राहावं म्हणून

सकाळी ७

भूगावच्या माझ्या वर्कशॉपमधला दिवस मोजपट्टीने सुरू होतो. आजची गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, काल रात्रीच मालकाने आणून ठेवलेली. टायर थंड असतानाच हवा बघितली, कारण चालून आलेल्या गाडीत दाब वाढलेला दिसतो. मग चारही चाकांवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा आठ मिलिमीटर खाली. आपल्याकडे रस्त्याच्या कडेचे खड्डे डावीकडच्या चाकांच्या वाट्याला जास्त येतात, आणि पावसाळा नुकताच संपलाय.

ही गाडी आपल्याच जिल्ह्यातली. २००९ च्या अखेरीस चाकणच्या कारखान्यातून पोलो बाहेर पडायला लागली, जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस. २०२२ मध्ये पोलो इथे बंद झाली. ज्यांच्याकडे ती आहे ते सोडत नाहीत, आणि मला ते पटतं. पत्रा आणि चॅसी इतकी घट्ट आहे की सस्पेन्शनवर केलेला खर्च अंगी लागतो.

७.४५

काहीही खोलायच्या आधी गाडी चालवून बघायची, हा माझा नियम. मालक बाणेरला राहणारा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. त्याला शेजारी बसवलं आणि पिरंगुटवरून मुठ्याच्या घाटाकडे निघालो. चाळीस-पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. सस्पेन्शन काय सांगतंय ते एवढ्या वेगातही स्पष्ट कळतं, आणि घाट हा गावकऱ्यांच्या दुचाक्यांचा आणि दुधाच्या टेम्पोंचाही रस्ता आहे.

एका लांब उंचवट्यावरून उतरल्यावर गाडीचं नाक तीनदा वरखाली झालं. डाव्या वळणात मध्येच एक पॅच लागला, तिथे पुढचं चाक क्षणभर हलकं झालं आणि गाडी हातभर बाहेर सरकली. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढत होतं. तिन्ही गोष्टी मी त्यालाच बोलून दाखवायला सांगितल्या. गाडीत काय बदलायचं हे मालकाला आधी स्वतःला जाणवलं पाहिजे.

९.३०

चहा घेताना त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. "काका, पन्नास मिलिमीटर लोअर करूया. हँडलिंग एकदम सॉलिड होईल."

ही समजूत रोज कुणीतरी घेऊन येतं, आणि मी रोज फळ्यावर तोच हिशेब मांडतो. गाडी आणि दोन माणसं मिळून १२०० किलो धर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेंटिमीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४६ सेंटिमीटर. टायरची पकड संपत आलीय अशा वळणावर, म्हणजे ०.८ जीला, आतल्या चाकांवरचं साधारण ३५० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. स्प्रिंग कुठलीही घाल, शॉकअप कुठलाही घाल, जाड अँटी-रोल बार घाल, हे ३५० किलो जाणारच. गाडी २५ मिलिमीटर खाली घेतलीस तर त्यातले सोळा-सतरा किलो वाचतात. पन्नास घेतलीस तर तेहतीस.

त्या तेहतीस किलोंसाठी काय मोजावं लागतं? पोलोच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी खाली आली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. म्हणजे गाडीला वळणात झुकायला आधीपेक्षा लांब तरफ मिळते. ते झुकणं दाबायला मग खूप कडक स्प्रिंग लागते. ताम्हिणीच्या रस्त्यावर कडक स्प्रिंगवरचं चाक खड्ड्यात उतरतच नाही, वरूनच उडत जातं. हवेतल्या चाकाला पकड नसते.

गतिरोधकांचं आणखी वेगळं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्या सोसायट्यांच्या दारात तो मीटरभर रुंदीत तेवढाच किंवा त्याहून उंच उभा असतो. "आणि मागे कोण बसतं?" मी विचारलं. "आई. तिला कंबरेचा त्रास आहे." प्रश्न तिथेच मिटला. गाडीची उंची कंपनीने ठेवली तीच राहणार.

१०.४५

आमच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली. चाकं निघाली तसं सकाळच्या प्रत्येक तक्रारीचं कारण समोर येत गेलं. पुढच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा चिकट थर. बाहेर काढून दांडा हाताने दाबला तर अर्ध्या वाटेत काहीच विरोध नाही, मग एकदम घट्ट. गाडी तीनदा डुलली आणि पॅचवर चाक हलकं झालं, ते यामुळे. उजव्या लोअर आर्मचा मागचा बुश चिरलेला. ब्रेक लागला की तो आर्म मागे सरकायचा, त्या चाकाचा टो, म्हणजे वरून बघितल्यावर दिसणारा आत-बाहेरचा कोन, बदलायचा आणि स्टिअरिंग ओढायचं.

स्प्रिंगा नव्या आणल्यात त्या मूळ उंचीच्याच, तार मात्र १२ ऐवजी १२.५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे बाकी सगळं तेच ठेवलं तरी तो १८ टक्क्यांच्या आसपास चढतो. एका पुढच्या चाकावर साधारण ३०० किलोची बॉडी तोलली जाते. आधी ती सेकंदाला सव्वा वेळा झुलायची, आता १.३६ वेळा झुलेल. रोजच्या रस्त्यावर धावणाऱ्या चपळ गाडीला एवढंच हवं. सेकंदाला दोन वेळांच्या पुढे गेलं की ती ट्रॅकवरची गाडी झाली.

मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा जलद ठेवलीय. कॅडिलॅकमध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑलीने १९३० च्या दशकात ही गोष्ट मांडली: उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मागच्या बाजूने जलद झुलून पुढच्या बाजूला गाठलं तर गाडी डोलत राहत नाही, सपाट बसते. इतक्या वर्षांनीही मी स्प्रिंग निवडताना तिथूनच सुरुवात करतो.

दुपारी १.३०

डबे. मिस्त्रींच्या घरची शेंगदाण्याची चटणी नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी संपली.

२.१५

आता खरा जीव ओतायचं काम. नवे शॉकअप मोनोट्यूब आहेत, म्हणजे एकाच नळीत तेल आणि खाली दाबलेला नायट्रोजन, मधे सरकता पिस्टन. फ्रान्सच्या दी कार्बोंने ही रचना पुढे आणली आणि बिल्स्टीनने १९५७ मध्ये ती मर्सिडीजच्या गाड्यांसाठी कारखान्यात बनवायला घेतली. साध्या शॉकअपमध्ये खडबडीत घाटात सलग मार बसला की तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. इथे दाबामुळे फेस धरत नाही, शिवाय तेलाची उष्णता त्याच नळीतून थेट वाऱ्याला मिळते. मालकाच्या हातात नवा शॉकअप दिला. त्याने दांडा आत ढकलला, सोडला, आणि दांडा सावकाश, एकसारखा आपोआप बाहेर आला. मला विचाराल तर पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ती हीच.

माउंट, बेअरिंग, बंपस्टॉप, धुळीचं कव्हर, सगळं नवं. दांड्यावर एक प्लॅस्टिकचा टाय सैलसर अडकवला. चालवून आल्यावर तो किती सरकला यावरून शॉकअप किती दबला ते कळतं.

बुशचे बोल्ट मात्र लिफ्टवर कधीच पक्के करायचे नाहीत, हे नव्या पोरांना मी परत परत सांगतो. या बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलं जातं, आणि उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहतं. वर्षभरात फाटतं, आणि तोवर नको त्या जागी एक जास्तीची स्प्रिंग होऊन बसतं. म्हणून गाडी चार पोस्टच्या लिफ्टवर स्वतःच्या चाकांवर उभी केली, चारदा दाबून बसवली, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचा आवळ दिला. मॅन्युअलमध्ये जे बोल्ट एकदाच वापरायचे म्हटलेत, ते नवेच घालायचे.

मालकाने जाड अँटी-रोल बारबद्दल विचारलं. टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही. पुढे जाड बार घातला तर ३५० किलोंतला मोठा हिस्सा पुढच्या बाहेरच्या चाकावर येतो, आणि आधीच नाकात जड असलेली ही गाडी वळणात आणखी बाहेर जाते. बार घालायचाच तर मागच्या बीमला, आणि तोही टायर बदलल्यानंतर.

४.००

अलाइनमेंट. दोघांच्या वजनाच्या गोण्या सीटवर ठेवून मापं घेतली. पुढचा टो जवळजवळ शून्यावर, दोन्ही बाजू सारख्या, स्टिअरिंग मध्यावर. मागचा बीम एकसंध आहे, तिथे फक्त वाकलेला नाही याची खात्री करायची.

५.१५

तोच रस्ता, तोच वेग, गाडी आता मालकाच्या हातात. उंचवट्यावरून नाक एकदा खाली गेलं, वर आलं आणि थांबलं. पॅचच्या वळणात चाकाने खड्डा मोजला, गाडी रेषेवरून हलली नाही. तो काही बोलला नाही, पण स्टिअरिंगवरची त्याची पकड सैल झालेली मी बघितली. परत आल्यावर टाय पाहिला: बंपस्टॉपच्या बराच अलीकडे थांबलेला. चौघं आणि सामान घेऊन गेला तरी जागा उरेल.

६.३०

दुसरी गाडी आली, "खालून खडखड येते" म्हणून. वर घेतली आणि माझ्या छातीत धस्स झालं. कुठल्याशा गॅरेजमध्ये ग्राइंडरने स्प्रिंगचा दीड वेढा कापलेला. चाक लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीतून सैल होऊन फिरत होती. वेढे कमी झाल्याने ती कडक झालेली आणि दबायला जागा उरलेली नाही, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात धक्का थेट बॉडीला. कापलेल्या टोकाजवळ ग्राइंडरच्या तापाने पोलाद निळं पडलेलं, ते कधीही तडकेल. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची होती. मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितलं, "साहेब, ही गाडी मी आज तुम्हाला चालवत नेऊ देणार नाही." त्यांनी वाद घातला नाही, रिक्षाने गेले. नव्या स्प्रिंगांची ऑर्डर लगेच दिली.

७.१५

पोलोची चावी देताना मालकाला सांगितलं: पाचशे किलोमीटर झाले की परत ये, तोवर स्प्रिंगा बसतील, उंची आणि अलाइनमेंट पुन्हा बघू, बोल्ट पुन्हा आवळून घेऊ. विमा कंपनीला बदल कळव. गाडी आरसीवरच्या नोंदींशी जुळती राहिली पाहिजे, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. आज आपण त्यातलं काही बदललेलं नाही, तरी बिलं फायलीत जपून ठेव.

मग टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का दाखवला, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर सहा वर्षांचे निघाले, रबर काचेसारखं टणक झालेलं. म्हटलं, बारचे पैसे बाजूला ठेव आणि दिवाळीच्या आत चारही टायर घे.